गोष्टींचा डबा आणि मंडळाच्या खोलीचं कुलूप



दिवाळीच्या फराळाला घरी आलेल्यांपैकी पाच-सहा जणांनी आमची ती लाकडी पेटी पाहिली आणि तेव्हापासून दोन प्रश्न सारखे येताहेत. पहिला, "हे कसं केलंस, आम्हालाही करून देशील का?" दुसरा, "हेच आपल्या मंडळाच्या सामानाच्या खोलीला लावता येईल का?" पहिल्याचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'नाही'. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. मी काही चिपवाला नाही, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. पण आइंडहोवनमध्ये राहून या विषयाला हात लावायचा नाही म्हणजे नाशकात राहून द्राक्षं न खाण्यासारखं झालं. :-)

आधी गरज काय होती ते सांगतो. इथे मूल चार वर्षांचं झालं की शाळेत जातं, हे तुम्हाला माहीतच आहे. चौथ्या वाढदिवसापर्यंत घरात खणखणीत मराठी बोलणारी आमची लेक सहा महिन्यांत डचमध्ये भांडायला लागली. आम्ही मराठीत विचारायचं, तिने डचमध्ये उत्तर द्यायचं. आमचं काही अडत नाही हो, आम्हाला दोन्ही कळतं. अडतं ते माझ्या आईचं. ती कराडहून नव्वद दिवसांच्या व्हिसावर येते, आणि गेल्या खेपेला आजी-नातीचं बोलणं 'जेवलीस का?' आणि 'हो' इथपर्यंत आलं होतं. आई काही बोलली नाही, पण विमानतळावर जाताना तिने एवढंच विचारलं, "पुढच्या वेळी मी हिच्याशी काय बोलू रे?"

आईला गोष्टी सांगता येतात. नुसत्या येत नाहीत, ती त्या रंगवते. चिऊ-काऊ, भोपळ्यातली म्हातारी, सात समुद्रापलीकडचा राजपुत्र, सगळं. व्हॉट्सॅपवर ध्वनिमुद्रण करून पाठवायला ती लगेच तयार झाली. प्रश्न ऐकवायचा होता. फोन लेकीच्या हातात दिला की दोन मिनिटांत आजी बाजूला आणि कार्टून समोर. म्हणून पडदा नसलेलं काहीतरी हवं होतं. चित्राचं कार्ड पेटीवर ठेवायचं, आजी बोलायला लागते. कार्ड उचललं की गप्प. अशी तयार खेळणी दुकानात मिळतात, पण त्यांच्यात कराडची आजी मिळत नाही.

आता यंत्र. कार्डाच्या आत एक बारीकशी चिप आणि तिच्याभोवती तारेची वेटोळी असते. बॅटरी नसते. पेटीतल्या रीडरलाही वेटोळीच असते आणि ती १३.५६ मेगाहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार करते. कार्ड जवळ आलं की त्याच क्षेत्रातून कार्डाला वीज मिळते, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची एक वेटोळी पेटीत आणि दुसरी कार्डात असं समजा. कार्ड स्वतः काही प्रक्षेपित करत नाही. ते आपल्यावरचा भार कमीजास्त करतं आणि रीडरला तो फरक जाणवतो. म्हणून अंतर चार-पाच सेंटिमीटरच्या पुढे फारसं जात नाही.

या तंत्राशी आपल्या गावाचं नातं जवळचं आहे. फिलिप्स कंपनी आइंडहोवनमध्ये १८९१ साली सुरू झाली. एनएफसी संयुक्तपणे विकसित करायचं फिलिप्स आणि सोनीने २००२ साली जाहीर केलं आणि २००४ मध्ये नोकियाला बरोबर घेऊन एनएफसी फोरम स्थापन केला. २००६ साली फिलिप्सचा सेमीकंडक्टर विभाग वेगळा होऊन एनएक्सपी झाला, त्याचं मुख्यालय आपल्या हाय टेक कॅम्पसवर आहे. मात्र "एनएफसी आमच्या गावात जन्मली" असं पाहुण्यांना सांगताना जरा दमाने घ्या. संपर्कविरहित कार्डांचं बरंच मूळ काम ऑस्ट्रियात ग्राट्सजवळ मिक्रोन नावाच्या कंपनीत झालं, ती फिलिप्सने नंतर विकत घेतली. २०१५ साली एनएफसीसाठी युरोपियन इन्व्हेंटर पुरस्कार मिळाला तो एनएक्सपीच्या फ्रान्झ आम्टमान आणि फिलिप मोगार यांना आणि त्यांच्या गटांना.

गंमत म्हणजे ही चिप लिनक्सच्या बोर्डाला ज्या दोन तारांनी जोडायची, ती पद्धतही फिलिप्सचीच. तिचं नाव आय-टू-सी, साल १९८२. टीव्हीच्या आतल्या चिप्सनी एकमेकींशी कमीत कमी तारांत बोलावं म्हणून काढलेली ही युक्ती आज जवळजवळ प्रत्येक बोर्डावर आहे.

मी वापरलं ते असं: एक रास्पबेरी पाय, पीएन५३२ चिप असलेलं लाल रंगाचं मॉड्यूल, छोटा स्पीकर आणि एनटॅग२१३ जातीचे गोल स्टिकर. पीएन५३२ तीन भाषांत बोलते: यूएआरटी, एसपीआय आणि आय-टू-सी. कुठली ते मॉड्यूलवरच्या दोन बारक्या स्विचांनी ठरतं. आय-टू-सीला चारच तारा लागतात. पायच्या पिन क्रमांक १ वरून ३.३ व्होल्ट, ६ वरून ग्राउंड, ३ वरून डेटा आणि ५ वरून क्लॉक. इथे एकच इशारा. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, ५ व्होल्ट त्यांना सोसत नाहीत. मॉड्यूल ५ व्होल्टवर चालतं असं दुकानदार सांगत असला तरी त्याला ३.३ च द्या.

मग पायच्या सेटिंगमध्ये आय-टू-सी चालू करायचं आणि बसवर कोण कोण आहे ते तपासायची आज्ञा द्यायची. तक्त्यात हेक्समध्ये २४ हा पत्ता दिसला की चिप जागी आहे. नाही दिसला तर लगेच तारा उपटू नका, पुन्हा एकदा हाक मारा. झोपलेली चिप कधी कधी पहिल्या हाकेला ओ देत नाही. आणखी एक खोड आहे. पीएन५३२ ला विचार करायला वेळ हवा असला की ती क्लॉकची तार खाली ओढून धरते, म्हणजे 'थांब जरा' म्हणते. जुन्या रास्पबेरी पायच्या प्रोसेसरला हा इशारा नीट कळत नाही, आणि मग मधूनच वाचन तुटतं. उपाय सोपा आहे: बसचा वेग नेहमीच्या १०० किलोहर्ट्झवरून खाली आणायचा. कॉन्फिग फाइलमधली एक ओळ. तरीही जमलं नाही तर स्विच हलवून एसपीआयवर जायचं.

सॉफ्टवेअरसाठी मी लिबएनएफसी ही जुनी, मुक्त लायब्ररी घेतली. तिला चिप कुठल्या बसवर आहे ते सांगितलं की यादीची आज्ञा देऊन समोरचं कार्ड दिसतं. ज्यांना व्यवस्थित मार्गाने जायचंय त्यांच्यासाठी लिनक्स कर्नलमध्येच २०११ पासून, म्हणजे ३.१ आवृत्तीपासून, एनएफसीचा स्वतंत्र भाग आहे. त्याच्यावर निअर्ड नावाचा डेमन चालतो. नवीन पीएन७१५० चिप घेतलीत तर ती हेक्स २८ या पत्त्यावर बसते आणि तिला दोन तारा जास्त लागतात. एक तिने बोर्डाला 'आलंय काहीतरी' असं सांगण्यासाठी, दुसरी बोर्डाने तिला उठवण्या-निजवण्यासाठी. त्यामुळे बोर्डाला सतत 'कार्ड आलं का, कार्ड आलं का' असं विचारत बसावं लागत नाही. आमच्या पेटीला विचारत बसलं तरी चालतं, तिला दुसरं कामच काय आहे!

आईचा आग्रह होता की हे सगळं लाडवाच्या स्टीलच्या डब्यात बसव. भावना पोचली, पण धातू आणि ही वेटोळी यांचं अजिबात पटत नाही. चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत भोवरे-प्रवाह तयार होतात आणि ते मूळ क्षेत्रालाच मारतात. मग क्रिंगलोपच्या दुकानातून सिगारची जुनी लाकडी पेटी आणली. शेजारचं व्हाल्कन्सवार्ड एके काळी सिगारचं गाव होतं, तेव्हा अशा पेट्या या भागात मिळतात. नाव मात्र 'गोष्टींचा डबा' असंच राहिलं.

आता मुद्द्याची गोष्ट. फराळाच्या वेळी जवळजवळ प्रत्येकाने विचारलं, "म्हणजे आजीचा आवाज या कार्डात आहे?" नाही. एनटॅग२१३ मध्ये वापरायला १४४ बाइट असतात. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे त्यात 'एका गावात एक म्हातारी राहत होती' एवढं बसेल आणि म्हातारी घराबाहेर पडायच्या आत जागा संपेल. आवाजाचं तर बोलूच नका. दहा मिनिटांची गोष्ट ६४ केबीपीएसच्या एमपीथ्रीत साधारण ४.८ मेगाबाइट होते. ती स्टिकरांवर ठेवायची तर तेहतीस हजारांहून जास्त स्टिकर लागतील. :-)

कार्डात असतो तो फक्त एक क्रमांक, सात बाइटांचा, कारखान्यातच कोरलेला. त्याला यूआयडी म्हणतात. पेटीतल्या बोर्डावर एक साधा तक्ता आहे: या क्रमांकाला ही फाइल. कार्ड हरवलं तर नवं स्टिकर लावायचं, तक्त्यात एक ओळ बदलायची, झालं. गोष्ट कुठे जात नाही. आमच्या लेकीने आतापर्यंत तीन कार्डं हरवली आहेत आणि एक चावलं आहे.

बारीकसारीक दोन गोष्टी, करणाऱ्यांना उपयोगी पडतील. मुलं दोन कार्डं एकदम ठेवतात. पीएन५३२ ला एका वेळी दोन कार्डं वेगवेगळी ओळखता येतात, तेव्हा प्रोग्रामने दोन दिसली तर गप्प राहावं, नाहीतर म्हातारी आणि राजपुत्र आळीपाळीने बोलतात. आणि मुलं प्लग उपटतात. त्यासाठी फाइल सिस्टीम फक्त वाचनापुरती करून टाका, पायच्या सेटिंगमध्ये तशी सोय आहे. नाहीतर एक दिवस मेमरी कार्ड बिघडेल आणि आजी उठणारच नाही.

आता दाराकडे वळू. मंडळाच्या खोलीत गणपतीची मखर, समया, साउंड सिस्टीम, दोन मोठे प्रोजेक्टर असं बरंच आहे. किल्ल्या आठ, त्या कोणाकडे असतात ते गणपतीलाच ठाऊक. तेव्हा 'प्रत्येकाने आपलं कार्ड दाखवावं, दार उघडावं' ही सूचना ऐकायला फार छान वाटते. आणि माझ्या पेटीचा प्रोग्राम तसाच उचलून, स्पीकरच्या जागी कुलपाचा रिले लावला की ती एका संध्याकाळीत होईलही. म्हणूनच मी नको म्हणतोय.

यूआयडी हे नाव आहे, पुरावा नाही. कुठलाही फोन कार्डाजवळ नेला की तो क्रमांक वाचता येतो. हवा तो यूआयडी लिहिता येतो अशी कोरी कार्डं उघड विकत मिळतात. म्हणजे तुम्ही रांगेत उभे असताना खिशातल्या कार्डाजवळून कोणाचा फोन गेला, की त्याच्याकडे तुमची किल्ली. अलिबाबाने गुहेबाहेर झाडावर बसून चोरांचा परवलीचा शब्द ऐकला आणि गुहा त्याला उघडली, तोच प्रकार. गुहेला शब्द कळत होता, माणूस कळत नव्हता.

बरं, क्रमांकाच्या पुढे जाऊन 'सुरक्षित' कार्ड घेतलं तरी कुठलं ते पाहावं लागतं. याचा सगळ्यात मोठा धडा आपल्याच देशात, म्हणजे नेदरलँड्समध्ये, गिरवला गेला. आपल्यापैकी जुन्या मंडळींना स्ट्रिपेनकार्ट आठवत असेल, ते २०११ च्या नोव्हेंबरमध्ये पूर्ण बंद झालं. त्याच्या जागी आलेल्या ओव्ही-चिपकार्टात सुरुवातीला मायफेअर क्लासिक ही चिप होती. १९९४ सालची, ४८ बिटांच्या किल्लीची, आणि तिची कूटपद्धती गुप्त ठेवलेली. २००७ च्या डिसेंबरात बर्लिनच्या परिषदेत कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लोट्झ यांनी चिप खरवडून तिच्या आतलं बरंचसं गुपित मांडलं. २००८ च्या मार्चमध्ये नाइमेखनच्या राडबाउड विद्यापीठातल्या बार्ट याकोब्स, फ्लाव्हियो गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष कार्डाची नक्कल करता येते हे दाखवून दिलं. एनएक्सपीने निबंध छापायला मनाई मागितली. १८ जुलै २००८ रोजी आर्नहेमच्या न्यायालयाने ती नाकारली. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की नुकसान होईल ते चिपमधल्या उणिवांमुळे, त्याबद्दल लिहिण्यामुळे नव्हे. निबंध त्याच ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाला.

यात सगळ्यात बोचरी गोष्ट ही, की नियम जुनाच होता आणि तो सांगणारा माणूसही इथलाच. लिंबर्गमधल्या न्यूथ गावी जन्मलेल्या ऑगस्त कर्कहॉफ्सने १८८३ मध्येच लिहून ठेवलं होतं, की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे, गुप्त असावी ती फक्त किल्ली.

दाराला जे लागतं त्याची पद्धत वेगळी आहे. रीडर कार्डाला दर वेळी एक नवा यादृच्छिक आकडा देतो. कार्ड तो आपल्या आतल्या गुप्त किल्लीने फिरवून परत करतं. किल्ली कार्डाबाहेर कधी येत नाही आणि आजचं उत्तर उद्या चालत नाही. मायफेअर डेसफायरच्या नव्या कार्डांत हे एईएस कूटपद्धतीने होतं. आपल्या बँकेच्या कार्डातही किल्ली आतच राहते. २०२३ पासून देशभर त्याच कार्डाने आपण बसमध्ये चेक-इन करतो, तेव्हा तंत्राला दोष नाही. चिऊ-काऊच्या गोष्टीत काऊ दारात येऊन हाका मारतो आणि चिऊ काही लगेच दार उघडत नाही. तिचं ते थांबवणं मला हल्ली फार शहाणपणाचं वाटतं.

मग डेसफायर लावू या की, असं म्हणाल. लावता येईल. पण मग दाराच्या बाजूची किल्ली कुठे ठेवायची? रास्पबेरी पायच्या मेमरी कार्डावर ठेवली तर ते मेमरी कार्ड खिशात घालून नेणाऱ्याला सगळ्यांच्या किल्ल्या मिळाल्या. त्यासाठी वेगळी सुरक्षित चिप हवी. रिले दाराच्या आतल्या बाजूला हवा. वीज गेली तर दार उघडं राहणार की बंद, हे आधी ठरवावं लागेल, आणि आत कोणी अडकलं तर बाहेर पडता आलंच पाहिजे. शिवाय कोण कधी आलं-गेलं याची नोंद होणार, म्हणजे २०१८ पासून लागू असलेला विदा-संरक्षणाचा कायदा आला. या सगळ्याची काळजी घेणारा माणूस पुढच्या वर्षी भारतात परत गेला तर? मंडळात दर दोन वर्षांनी निम्मी माणसं बदलतात हो.

तेव्हा माझी सूचना अगदी जुनाट आहे. कुलपाचा गाभा बदलून नव्या तीनच किल्ल्या करा आणि एक वही ठेवा. किल्ली कोणाकडे आहे ते वहीत कळेल, आणि ती परत मागायला फोन करता येईल. पेटी चुकली तर जास्तीत जास्त चुकीची गोष्ट लागते. दार चुकलं तर मखर जाते. किती नुकसान होऊ शकतं यावरून कुलूप ठरवावं, आपल्याला काय बनवता येतं यावरून ठरवू नये.

राहता राहिली पेटी कामाला येते का, हा प्रश्न. आईने आतापर्यंत ३१ गोष्टी पाठवल्या आहेत. काऊचं घर शेणाचं होतं हे ऐकल्यावर लेकीने पहिल्यांदा 'शेण म्हणजे काय?' असं चक्क मराठीत विचारलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ब्राबांटच्या शेतांवर खत पसरतात तेव्हा जो वास येतो तेच ते, असं सांगितल्यावर तिला काऊची फार कीव आली. आईचा 'ळ' तिच्या जिभेवर बसतोय, आणि 'आक्रीत' हा शब्द ती शाळेतल्या मैत्रिणींवर वापरते असं बाईंनी विचारल्यावर कळलं.

पण पेटी एकतर्फी आहे हेही सांगितलं पाहिजे. ऐकून भाषा कळते, तोंडात येईलच असं नाही. गोष्टी ऐकायला लागून दोन महिने झाले तरी ती आजीशी फोनवर 'हो'च्या पुढे जात नव्हती. म्हणून आता एक लाल कार्ड केलंय. ते ठेवलं की पेटी बोलत नाही, ऐकते. रास्पबेरी पायला स्वतःचा माइक लावायची सोय नसते, त्यासाठी यूएसबीचा साधा माइक जोडला. लेक जे बोलेल त्याची फाइल रात्री आईला जाते. पहिल्या आठवड्यात नुसतं हसणं आणि डच गाणी गेली. तिसऱ्या आठवड्यात भोपळ्यातल्या म्हातारीची अर्धी गोष्ट गेली, वाघाच्या जागी शेजाऱ्यांचं मांजर घालून. आईने ती कराडच्या अख्ख्या आळीला ऐकवली आणि लगेच उलट निरोप पाठवला, "मांजर काय म्हणालं ते सांगायचं राहिलं."

ज्यांना पेटी हवी आहे त्यांनी आधी घरच्या आजी-आजोबांकडून पाच तरी गोष्टी मागवून घ्या. तारा जोडायला एक रविवार पुरतो, त्या मी येऊन जोडून देईन. आइंडहोवन, फेल्डहोवन आणि आसपासच्यांनी संसाराला लागणारा सोल्डरिंग आयर्न वेगळा घ्यायची गरज नाही, माझा आहे. गोष्टी मात्र मला करून देता येणार नाहीत, आणि त्या सांगणारी माणसं सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. तेव्हा सामानाची ऑर्डर नंतर द्या, फोन आज करा.

फार लांबलं. चु.भू.द्या.घ्या.

आपला,
एक आइंडहोवनकर